काटा हलला पाहिजे: १९९३ च्या एफ-१५० चं ऑइल प्रेशर गेज

२ मार्च

गाडी: फोर्ड एफ-१५० पिकअप, १९९३ चं मॉडेल, ५.० लिटरचं व्ही-८, ऑटोमॅटिक. काम: ऑइल प्रेशरचं गेज कामाचं करणे.

थंड इंजिन चालू केलं की डाव्या बाजूने टिक-टिक येते, इंजिन तापलं की बरीचशी बसते. पहिला संशय अर्थातच टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांवर. वरपर्यंत ऑइल पोचत नसेल तर असंच वाजतं. मग गेजकडे बघावं, तर काटा ‘नॉर्मल’ या शब्दाच्या मधोमध. थंड असताना तिथेच, तापल्यावर तिथेच, आयडलिंगला तिथेच, हायवेला तिथेच. ऑइलचं प्रेशर असं वागूच शकत नाही. पंप इंजिनबरोबर फिरतो, म्हणजे आरपीएम वाढले की प्रेशर वाढणार. ऑइल तापून पातळ झालं की बेअरिंगच्या फटींतून सहज निसटणार आणि प्रेशर पडणार. ज्या काट्याला यातलं काहीच कळत नाही, तो प्रेशर दाखवत नाही, एवढं नक्की.

३ मार्च

साधी परीक्षा. सेन्डरची (इंजिनवर बसून गेजला प्रेशर कळवणाऱ्या भागाची) वायर काढली, इग्निशन ऑन केलं, इंजिन बंदच. काटा पार खाली. मग तीच वायर इंजिनच्या ब्लॉकला टेकवली. काटा उठून थेट ‘नॉर्मल’च्या मध्यावर, गाडी चालताना असतो त्याच जागी. केसभरही पुढे-मागे नाही.

खरं गेज असतं तर वायर अर्थ केल्यावर काटा वरच्या टोकाला आपटला असता. इथे मध्यावरच थांबला, म्हणजे वाटेत कुठेतरी ठरावीक रेझिस्टन्स बसवलेला आहे आणि ब्लॉकवर आहे तो सेन्डर नाही, नुसता स्विच आहे. सहा-सात पीएसआयच्या (प्रेशरचं एकक, चौरस इंचाला पौंड) वर प्रेशर गेलं की स्विच जुळतो, काटा मध्यावर. त्याखाली गेलं की सुटतो, काटा शून्यावर. दिसायला गेज, कामाला दिवा.

फोर्डने हा बदल १९८७ च्या सुमारास केला. त्याआधीच्या पिकअपमध्ये प्रेशरप्रमाणे ओहम, म्हणजे रेझिस्टन्स, बदलणारा सेन्डर असायचा. नंतर ब्लॉकवर स्विच आला आणि क्लस्टरच्या (डॅशबोर्डवरच्या मीटरांच्या पॅनेलच्या) मागे २० ओहमचा रेझिस्टर. हे एकाच कंपनीने केलं असंही नाही. माझदाच्या मियातामध्येही सुरुवातीला खरं गेज होतं, १९९५ पासून तिथेही काटा तसाच ठरावीक जागी उभा राहायला लागला. कारण समजण्यासारखं आहे. सिग्नलला थांबल्यावर काटा खाली आलेला दिसला की सर्वसाधारण चालक घाबरतो, आणि त्याला ‘गरम आयडलिंगला एवढं कमी असायचंच’ हे पटवत बसायला कोणाला वेळ आहे? मला मात्र तो खाली येणारा काटाच पाहायचा आहे.

९ मार्च

नवं काही बसवण्याआधी खरं प्रेशर किती आहे ते कळायला हवं. इंजिनच आजारी असेल तर गेजवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

स्विच काढला. या इंजिनावर तो ब्लॉकच्या पुढच्या भागात डावीकडे, ऑइल फिल्टरच्या जरा वर असतो. त्याला १-१/१६ इंचाचं खोल सॉकेट लागतं, साधं पुरत नाही. खाली चिंधी धरली, थोडंच ऑइल आलं. त्या भोकात होज लावून मेकॅनिकल टेस्ट गेज जोडलं आणि गेज वायपरजवळ टेकवून ठेवलं. हे गेज फसवत नाही, कारण त्यात फसवायला काही नाहीच. आत वाकवलेली पितळी नळी असते, प्रेशर आलं की ती सरळ व्हायला बघते आणि त्या हालचालीने काटा फिरतो. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजही जशीच्या तशी वापरात आहे.

आकडे पीएसआयमध्ये, ऑइल १०डब्ल्यू-३० ग्रेडचं:
थंड, चालू केल्याबरोबर: ६० च्या थोडं वर.
पूर्ण गरम, २००० आरपीएमला: ४४.
पूर्ण गरम, आयडलिंगला, गिअर ‘डी’ मध्ये, ब्रेकवर पाय: १६.

या इंजिनाला गरम असताना २००० आरपीएमला ४० ते ६० पीएसआय अपेक्षित असतं. आपण खालच्या टोकाकडे आहोत, पण आत आहोत. इतकी चाललेली गाडी, मला यात तक्रार नाही.

महत्त्वाचं म्हणजे थंड असताना साठच्या वर प्रेशर आहे आणि नेमकी तेव्हाच टिक-टिक जोरात आहे. म्हणजे ऑइलची उपासमार नाही. मग एका जुन्या होजचा तुकडा कापून कानाला लावला आणि डाव्या बाजूने फिरवत नेला. आवाज व्हॉल्व्ह कव्हरखालून नाहीच, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाकडून, आठव्या सिलिंडरपाशी. टॉर्च मारला तर तिथे ब्लॉकवर काजळीचा काळा पट्टा. गॅस्केटमधून गॅस फुटतोय, लोखंड तापून फुगलं की फट मिटते आणि आवाज बसतो. ते काम वेगळं, त्याची नोंद इथे करणार नाही. पण खोटा काटा बघून मी हे कधीच ठरवू शकलो नसतो, म्हणून गेजचं काम चालूच ठेवायचं.

१६ मार्च

काय बसवायचं याचा निकाल.

पहिला पर्याय, मेकॅनिकल गेज कायमचं केबिनमध्ये. अचूक, वायरिंगची भानगड नाही. पण गरम ऑइलची प्रेशरखालची नळी फायरवॉलमधून पायाशी आणायची. प्लास्टिकची नळी एक्झॉस्टजवळ गेली तर वितळते. तांब्याची नळी थरथरीने हळूहळू कडक होते आणि एक दिवस चिरते. म्हणूनच ती लावणारे इंजिनजवळ तिचे दोन-तीन वेढे मोकळे सोडतात. तरीही फुटली तर ऑइल कार्पेटवर आणि पायावर. टेस्टिंगला हे गेज उत्तम, रोजच्याला नको.

दुसरा पर्याय, डॅशबोर्डखाली वेगळं इलेक्ट्रिक गेज, स्वतःच्या सेन्डरसकट. चांगला आहे, आकडेही मिळतात. मला तिथे गुडघ्याला लागणारा डबा नको आहे आणि समोर क्लस्टरमध्ये खोटं बोलणारा काटा तसाच ठेवून शेजारी खरा लावणं हे तर अजिबात पटत नाही.

तिसरा पर्याय, आहे त्याच काट्याला खरं करायचं. क्लस्टरमधलं गेज मुळात मोजू शकणारंच आहे, त्याला फक्त मोजण्यासारखं काही पुरवलेलं नाही. ब्लॉकवर जुन्या पद्धतीचा बदलत्या ओहमचा सेन्डर लावायचा आणि क्लस्टरमागचा २० ओहमचा रेझिस्टर बायपास करायचा. हेच करतोय.

सेन्डर निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, कोणताही सेन्डर कोणत्याही गेजला चालत नाही. जुन्या फोर्डची पद्धत अशी, प्रेशर नसताना साधारण ७३ ओहम, पूर्ण प्रेशरला साधारण १०. प्रेशर वाढतं तसा ओहम उतरतो. व्हीडीओ या कंपनीचे सेन्डर १० ते १८० आणि उलट दिशेचे, प्रेशरबरोबर ओहम चढतो. जनरल मोटर्सचे ० ते ९०, तेही चढते. व्हीडीओचा सेन्डर या काट्याला लावला तर इंजिन बंद असताना काटा वरच्या टोकाला उभा राहील.

फोर्डच्या उतरत्या पद्धतीचा एक फायदा मला आवडतो. वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला तर सर्किट उघडतं आणि काटा खाली पडतो. म्हणजे बिघाड झाला तर गेज घाबरवतं, खोटा धीर देत नाही. चढत्या पद्धतीत तुटलेली वायर भरपूर प्रेशर दाखवते.

स्टँडर्ड कंपनीचा पीएस-६० मागवला. या कामासाठी हाच नंबर सगळीकडे चालतो. सोबत स्टीलचं टी (तीन तोंडांचा जोड) आणि स्टीलचा छोटा निपल (दोन्हीकडे आटे असलेली आखूड नळी).

२३ मार्च

सेन्डर आला. आकाराने जुन्या स्विचच्या कितीतरी मोठा, घंटेसारखा. आत एक पडदा असतो, ऑइल त्याला ढकलतं, पडद्याला जोडलेला सरकता संपर्क रेझिस्टन्सच्या तारेवरून फिरतो.

गाडीत लावण्याआधी टेबलावर तपासला. कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरला जोडणी करून सेन्डर लावला, मल्टीमीटरची एक पिन वरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. हवा शून्य: सत्तरच्या जरासा वर. हळूहळू हवा चढवत गेलो तसा आकडा उतरत गेला, कुठेही अडकला नाही, उडीही मारली नाही. साठच्या पुढे विशीच्या खाली. मग हवा सोडली, आकडा परत सत्तरवर. नवा सुटा भाग बसवण्याआधी असं पंधरा मिनिटं बघून घ्यायला मला कंटाळा येत नाही. फिल्टरच्या वरच्या त्या बोळात हात घालून तोच भाग परत काढायचा कंटाळा मात्र नक्की येतो.

३० मार्च

इंजिनकडचं काम. बॅटरीची निगेटिव्ह काढली.

ब्लॉकच्या भोकाचे आटे पाव इंच एनपीटी, म्हणजे निमुळते. निमुळते आटे जितके आवळाल तितके पाचर मारल्यासारखे बसतात. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये अतिउत्साह दाखवायचा नाही. आणखी एक पंचाईत म्हणजे टीचं तोंड हव्या त्या दिशेला आणण्यासाठी आवळता येतं, पण दिशा जुळावी म्हणून मागे फिरवलं तर गळतं. म्हणून आधी कोरडंच हाताने फिरवून बघितलं की साधारण कुठे थांबेल, मग सीलंट.

टेफ्लॉन टेप लावली नाही. सेन्डरला अर्थ स्वतःच्या आट्यांतूनच मिळतो. टेप बहुधा आवळताना फाटून धातूला धातू लागतोच, पण ‘बहुधा’वर गेज का सोडावं? शिवाय टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत गेलेला कोणाला हवाय? पातळ थ्रेड सीलंट, तेही पहिले दोन आटे कोरडे ठेवून.

पितळी जोड मुद्दाम टाळला. पितळ कापायला, बसवायला सोपं, पण त्याच्या टोकाला एवढा जड सेन्डर लोंबकळत राहिला तर इंजिनच्या थरथरीने मुळाशी चीर पडते. चीर पडली की पंप सगळं ऑइल रस्त्यावर ओततो आणि तेही काही मिनिटांत. टी आणि निपल स्टीलचे, शक्य तितके आखूड. लांब जोड लागलाच असता तर सेन्डर बॉडीवर ब्रॅकेटने बांधला असता आणि ब्लॉकपासून विणलेली होज नेली असती. मग मात्र सेन्डरच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर द्यावी लागते, कारण रबरातून अर्थ मिळत नाही.

सेन्डर आवळताना पाना खालच्या षटकोनावर. वरचा पत्र्याचा डबा धरून पिळला तर तो आतल्या आत फिरतो आणि सेन्डर गेला. जुन्या वायरच्या टोकाचं रबर कडक होऊन भेगाळलं होतं, तेवढा तुकडा कापून नवा टर्मिनल दाबून बसवला, वर हीट श्रिंक. टीचं दुसरं तोंड सध्या प्लगने बंद.

सेन्डरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरच्या टोकापर्यंत मीटर लावला: अर्ध्या ओहमच्या आत. ठीक.

चालू करून गळती पाहिली. नाही. काटा आता ‘नॉर्मल’च्या आधीच घुटमळतो, थंड इंजिनलाही मध्याच्या पुढे जात नाही. अपेक्षितच होतं. सेन्डर पूर्ण प्रेशरला दहा ओहमवर उतरला तरी मागचे वीस त्यात मिळवले जातात, म्हणजे तीस. काट्याला वरचा अर्धा भाग कधी दिसणारच नाही. काही जण इथेच थांबतात आणि प्रेशर कमी म्हणून पंप बदलायला घेतात.

६ एप्रिल

क्लस्टर. बॅटरी पुन्हा सोडली, पार्किंग ब्रेक लावला, गिअरचा दांडा सगळ्यात खाली आणला म्हणजे पुढची चौकट बाहेर येते. चौकटीनंतर क्लस्टरचे स्क्रू. या मॉडेलला स्पीडोमीटरची केबल नाही, किलोमीटर-मैलांचा हिशेब इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे मागे हात घालून चाचपडायची गरज पडली नाही. पण गिअर दाखवणाऱ्या छोट्या काट्याची बारीक दोरी स्टिअरिंगच्या खांबापासून आधी सोडवायची, नाहीतर क्लस्टर ओढताना ती तुटते.

मागची बाजू म्हणजे पातळ प्लास्टिकवर तांब्याच्या पट्ट्या, सगळं वायरिंग त्या एका पापुद्र्यात. तीस वर्षांच्या उन्हाने तो ठिसूळ झालाय. कनेक्टर सरळ ओढले, कडेने उचकटले नाहीत. ऑइल गेजच्या मागे रेझिस्टर दिसतोच. मीटर: २० ओहम, बरोब्बर.

रेझिस्टर कापून काढण्यापेक्षा त्याच्या दोन्ही टोकांना वरून आखूड वायर जोडली. करंट सोपी वाट धरतो, रेझिस्टर जागेवर असून नसल्यासारखा. पुढे कोणाला गाडी मूळ अवस्थेत हवी असेल तर एक वायर काढली की झालं. सोल्डर करताना आधी टोकं घासून फ्लक्स लावला आणि सोल्डरिंग आयर्न टेकवून लगेच उचललं. या पापुद्र्यावर जरा जास्त वेळ ठेवलं की तांब्याची पट्टी प्लास्टिक सोडून वर येते. जोडल्यावर मीटर: जवळपास शून्य.

परत बसवण्याआधी मागचे १९४ नंबरचे दिवे सगळे बदलले. उघडलंच आहे तर.

बसवून झाल्यावर, सेन्डर सोडून, वायरच्या टोकाला सुटे रेझिस्टर लावून पाहिले. ७३ ओहमचा जोड: काटा खालच्या टोकाच्या रेघेवर. ३३: मध्याच्या आसपास. १०: वरच्या रेघेवर. हे पाहून मी गॅरेजमध्ये एकटाच हसत होतो, ते असो.

७ एप्रिल

टीच्या रिकाम्या तोंडाला टेस्ट गेज लावून दोन्ही काटे एकाच वेळी पाहिले. क्लस्टरच्या काट्यावर आकडे नाहीत, तेव्हा ‘नॉर्मल’ या इंग्रजी शब्दाच्या अक्षरांचीच फूटपट्टी केली.

थंड, टेस्ट गेज ६२: काटा शेवटच्या अक्षराच्या किंचित अलीकडे.
गरम, २००० आरपीएम, ४४: चौथ्या अक्षरावर.
गरम, आयडलिंग, १६: पहिल्या अक्षराच्या डाव्या कडेला.

काटा आरपीएमबरोबर लगेच उडत नाही, जरा सावकाश जातो. मला ते चालतं. पीएसआयचा अचूक आकडा या गेजकडून मागायचाच नाही, रोज त्याच परिस्थितीत तो त्याच अक्षरावर येतो की नाही एवढंच विचारायचं. मेकॅनिकल गेजने एकदा अक्षरं ओळखून ठेवली की पुढे तेवढं पुरतं.

२० एप्रिल

आता दिवा. गाडी चालवताना नजर रस्त्यावर असते, काटा पडलेला अर्धा मिनिट दिसणार नाही. प्रेशर गेल्यावर बेअरिंगला अर्धा मिनिट फार होतो.

जुना काढलेला स्विच यासाठी चालेल का, असं वाटणं साहजिक आहे. चालत नाही. तो प्रेशर आल्यावर जुळतो. दिव्याला उलटा हवा, प्रेशर गेल्यावर जुळणारा. जुना लावला तर सगळं ठीक असताना दिवा पेटेल आणि ऑइल संपल्यावर विझेल.

उलट्या प्रकारचा, सात पीएसआयच्या आसपास जुळणारा स्विच टीच्या दुसऱ्या तोंडाला. वीस पीएसआयचाही मिळतो आणि कागदावर तो जास्त सुरक्षित वाटतो. पण माझं गरम आयडलिंग सोळा आहे, प्रत्येक सिग्नलला दिवा लागेल आणि महिन्याभरात मी त्याच्याकडे बघायचं सोडून देईन. इग्निशनच्या फ्यूजवरून दिव्याला पॉझिटिव्ह, तिथून वायर स्विचला, स्विचला अर्थ ब्लॉकमधून. चावी फिरवली की पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो, म्हणजे बल्ब शाबूत आहे हे रोज आपोआप तपासलं जातं. दिवा स्टिअरिंगच्या चाकातून दिसेल अशा जागी, लाल.

११ मे

ऑइल आणि फिल्टर बदलले, तेच १०डब्ल्यू-३०. फिल्टर बदलल्यानंतरच्या पहिल्या स्टार्टला काटा काही सेकंद तळाशीच राहिला, लाल दिवाही पेटलेला, मग दोन्ही एकदम जागेवर आले. रिकामा फिल्टर भरेपर्यंत गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेत) प्रेशर येत नाही, हे वाचून माहीत होतं, आता डोळ्यांनी दिसलं. तेवढा वेळ ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही.

लांबचा रस्ता करून आलो, पाठीमागे सामान, चढ. वर चढताना काटा चौथ्या अक्षराच्या जरा अलीकडे आला, उतारावर परत गेला. घरी पोचल्यावर गरम आयडलिंग एप्रिलसारखंच, पहिल्या अक्षराची डावी कडा. टी आणि सेन्डर हाताने पुसून पाहिले, कोरडे.

पुढच्या ऑइल बदलीआधी आणि नंतर हेच तीन आकडे याच क्रमाने घ्यायचे: थंड, गरम २०००, गरम आयडल ‘डी’ मध्ये. टेस्ट गेजची होज सीटमागच्या डब्यात ठेवली आहे.